पहाटेचे तीन छप्पन्न

औसा आणि लोहारा तालुक्यांच्या शिवेवरून थंडीच्या दिवसांत रात्रीच्या एसटीनं गेलं, तर रस्त्याकडेच्या नव्या गावांत एक गोष्ट दिसते. घरं पक्की आहेत, सिमेंटची, सरळ ओळीत उभी. आणि काही घरांपुढं, उघड्यावर, खाट. उन्हाळ्यात अंगणात झोपणं साऱ्या मराठवाड्याचंच, त्यात नवल नाही. पण या खाटा पौष-माघातही आत जात नाहीत. पावसाळ्यात फार तर पत्र्याच्या पडवीखाली सरकतात. वाकळ डोक्यापर्यंत ओढून त्यांवर कुणीतरी वयस्कर माणूस निजलेलं असतं. घरातली सून दोनदा हाक मारते, 'आत या की, गारठा लई हाय,' आणि मग दार नुसतं लोटून घेते. कडी लावत नाही. कडी न लावणं ही त्या घराची रीतच होऊन गेलेली असते.

त्या खाटांपैकी एक माझ्या आत्याची.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं उशिरा आडवी झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मिनिटभरही नाही. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ सांगतात. भूकंपांच्या जगात हा आकडा फार मोठा नव्हे. पण केंद्र जमिनीखाली फारसं खोल नव्हतं आणि वर माळवदाची घरं होती. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि घराण्याच्या ऐपतीप्रमाणे रुंद होत जाणारी भिंत. ज्याची भिंत जाड, त्याचं घर मोठं. त्या पहाटे त्या भिंतींनीच माणसं मारली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो; कित्येक अभ्यासक तो दहा हजारांच्या आसपास धरतात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव ही नावं तोवर पंचक्रोशीच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

आत्याचं गाव तेरणेच्या अंगाला. मी तेव्हा लातूरला शाळेत होते. आमच्याही घराची मांडणी त्या पहाटे खडखडली, भांडी खाली आली, वडील आम्हाला ओढत बाहेर घेऊन आले आणि उजाडल्यावर कुठल्याशा ट्रकला हात करून बहिणीच्या गावाकडं निघून गेले. ते काय बघून आले, ते त्यांनी आम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही. आत्याकडून मात्र मला ते कळलं; एका बैठकीत नव्हे, वर्षानुवर्षं, तुकड्यातुकड्यानं. शेंगा फोडताना एक तुकडा. वाती वळताना दुसरा. ती सांगायची तेव्हा माझ्याकडं बघायची नाही, हात चालू असायचे, आणि मधेच थांबली की पुढं विचारायचं नाही हे मीही शिकून गेले.

ती ज्वारीच्या कणगीच्या आडोशाला सापडली, म्हणून वाचली. कणगी तिरकी झाली आणि वरून आलेल्या मातीला तिनं वीतभर अडवलं. तोंडावर माती, डोळ्यांत माती, हात हलवायला जागा नाही. बाजूला पाच वर्षांची लेक होती. आधी तिचा आवाज येत होता. सूर्य वर आल्यावर गावातल्या वाचलेल्या पोरांनी कुदळी-टिकावांनी, हातांनी उकरून आत्याला बाहेर काढलं. लेक गेली होती. सासूही. आत्याचा नवरा त्या रात्री रानात राखणीला होता, तो जगला, आणि आपण रानात का होतो हे त्याला पुढची सगळी वर्षं पचलं नाही.

एवढं सांगून झाल्यावर वाटेल की गोष्ट संपली. मानसिक आघाताची गोष्ट मात्र इथून पुढं असते, कारण तो ज्याला होतो त्याच्यासाठी घटना संपतच नाही. सर्वसाधारण आठवण जुनी होते. तिच्या कडा झिजतात, तिला तारीख चिकटते, ती सांगताना माणूस आज इथं बसलेला असतो. जीव जाण्याच्या भीतीच्या टोकाला मेंदूचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. अमिग्डाला नावाचा धोका ओळखणारा भाग सगळा कारभार हाती घेतो. प्रसंगाला स्थळ-काळाचा संदर्भ देणारा हिप्पोकॅम्पस मागं पडतो. वास, आवाज, अंगावरचा दाब हे सगळं खोल उमटतं, पण 'हे तेव्हा झालं, आता संपलं' ही खूण त्याला नीट लागत नाही. म्हणून पुढं कधीही त्यातला एखादा धागा हलला, की शरीर पुन्हा त्याच क्षणात जाऊन उभं राहतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पाय पळायला निघतात किंवा जागच्या जागी दगड होतात. त्या वेळी वाचाही जाते. १९९० च्या दशकात अशा रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. त्यांना त्यांचाच प्रसंग वाचून दाखवला तेव्हा मेंदूतल्या शब्द घडवणाऱ्या भागाचं काम मंदावलेलं दिसलं. 'सांगता येत नाही' असं जेव्हा माणूस म्हणतो, तेव्हा तो टाळत नसतो. त्याला खरोखरच सांगता येत नसतं.

आत्याचे धागे मला हळूहळू पाठ झाले. ओल्या मातीचा वास. सगळ्या जगाला जो पहिल्या पावसात आवडतो, त्यानं तिचा घसा आवळायचा. लांबून येणाऱ्या अवजड ट्रकची घरघर. मांडणीवरच्या पितळी ताटांची किणकिण. अंगावर आलेली चादर. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर ती एवढ्या जोरात दचकायची, की हात ठेवणाऱ्यालाच ओशाळं वाटायचं. आणि झोप. पहाटे साडेतीनच्या सुमारास ती उठून बसायची. घड्याळ तिला कळत नाही. उठायची, अंगणात एक फेरी मारायची, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि उजाडेपर्यंत तशीच.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत या दुखण्याला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी नेट लावल्यावर. त्याआधी पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणत. तोफगोळ्यांच्या हादऱ्यानं मज्जातंतू बिघडतात अशी समजूत होती, आणि थरथरणाऱ्या कित्येक सैनिकांना भेकड ठरवलं गेलं. युद्धाबाहेरच्या माणसांकडं, घरात मार खाणाऱ्या बाईकडं, अत्याचार सोसलेल्या लेकराकडं त्याच नजरेनं बघायला आणखी वेळ लागला. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात रणांगण आणि घर एका ओळीत आणून ठेवलं. सावरण्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. यातला पहिला टप्पा लोक घाईनं ओलांडतात, असं मला किल्लारीचा विचार करताना नेहमी वाटतं. ज्याला अजून सुरक्षित वाटत नाही, त्याला 'मन मोकळं कर' म्हणणं ही क्रूर गोष्ट आहे.

आणि सुरक्षित वाटावं तरी कशाच्या जोरावर? १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले होते, लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपले, अर्ज-विनंत्या झाल्या. दख्खनचं पठार पक्कं, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, हीच तेव्हाची समजूत. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो तिसऱ्या विभागात गेला २००२ मध्ये, सगळं होऊन गेल्यावर. धक्के थांबल्यासारखे वाटले, तशी माणसं पुन्हा घरात निजू लागली. आत्या म्हणते, 'आमी बाहीरच होतो की वं आधी. आत जा म्हनले, तर गेलो.' या एका वाक्यात तिची सगळी वर्षं आहेत. घर कोसळलं ते एकदाच. 'काही होत नाही' असं सांगणाऱ्या प्रत्येक आवाजावरचा विश्वासही त्याबरोबर कोसळला. म्हणूनच तिला नुसतं 'काही होत नाही' म्हणून उपयोग नसतो.

नंतर गावात माणसं आली. चांगली माणसं. जवान आले, डॉक्टर आले, देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून धान्याचे ट्रक आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना पुण्याला शिकायला नेलं. त्यांतली कित्येक आज उभी आहेत. त्या माणुसकीला मी हात जोडते. पण त्याच गर्दीत प्रश्नही आले. पंचनाम्याचे प्रश्न, वर्तमानपत्रांचे प्रश्न, हातात छापील प्रश्नावल्या घेतलेल्या तरुण मुलामुलींचे प्रश्न. किती माणसं होती, किती गेली, तुम्ही कुठं होता, पोरगी कुठं होती, आवाज येत होता का. आत्यानं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. विचारणारे हळहळले, लिहून घेतलं, जीपमध्ये बसून गेले. ती तिथंच राहिली, उकरलेली.

त्या काळात तज्ज्ञांचाही समज होता की आपत्तीनंतर लगेच माणसाला सगळं बोलतं करावं, म्हणजे पुढचा त्रास टळतो. पुढं अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की असं एका बैठकीत बोलतं करणं त्रास टाळत नाही. काहींच्या बाबतीत तो वाढवतं. आज जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका असंच सांगते. २०११ साली तिनं काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत मदत करणाऱ्यानं काय करावं हे तीन क्रियांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. ऐका म्हणजे तो बोलला तर ऐका. पाणी हवंय का, पांघरूण हवंय का, आपलं माणूस कुठल्या तंबूत आहे, हे आधी बघा. किल्लारीनंतर महिनाभरानं मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलेल्या एका गटात निम्म्याहून अधिक लोकांना उपचार लागावेत असा मानसिक आजार आढळला होता; त्यात आघातोत्तर त्रास आणि खोल नैराश्य ही दोन मुख्य. हेही तितकंच खरं, की पुढं बहुसंख्य माणसं आपल्या बळावर, आपल्या माणसांच्या बळावर सावरतात. प्रत्येकाच्या कपाळावर रोगाचं नाव लिहायची गरज नसते. मागं राहतात त्यांची मात्र वाट बघणारं कुणीतरी हवं.

इथं मला आपल्याकडच्या दुखवट्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्यावर मी फार विचार केला आहे. आमच्या भागात घरात मयत झालं की भावकीतल्या घरांतून भाकरी-पिठलं येतं. त्या घरची चूल पेटू देत नाहीत. बायका येतात, दारातच गळ्यात पडतात, हेल काढून रडतात आणि रडता रडता गेलेल्याचं सगळं चरित्र सांगतात: काय खायचा, कसा चालायचा, कुणाला काय बोलला होता. मग बसतात. नुसत्याच. कुणी प्रश्न विचारत नाही. दहाव्याला नदीवर, तेराव्याला गोडाधोडाचा घास, मग कुणीतरी वडीलधारं बाईला हळदी-कुंकवाला, शेताच्या कामाला ओढून बाहेर काढतं. या साऱ्यात शहाणपण आहे. शोकाला दिवस ठरवून दिलेले असतात, अन्नाची काळजी दुसऱ्यावर असते, रडायला सोबत असते आणि गप्प बसायलाही. हर्मनबाईंचे तिन्ही टप्पे मला त्यात दिसतात.

किल्लारीच्या भूकंपानं नेमकं हेच हिरावलं. भाकरी आणायची ते भावकीचं घरही पडलेलं. गळ्यात पडायची ती जाऊही ढिगाऱ्यात. वर पाऊस लागला. प्रेतं ओळखीची, बिनओळखीची, मिळेल त्या सरणावर एकत्र जाळली. घराघरांतले वासे-तुळया त्यासाठी ओढून काढल्या. आत्याच्या लेकीला कुणी अग्नी दिला ते आत्याला ठाऊक नाही. दहावा झाला नाही, कारण रडणारा आणि समजूत घालणारा असे दोन गट उरलेच नव्हते. मी मोठी झाल्यावर खूप पुस्तकं वाचली, आघाताच्या व्याख्या वाचल्या. पण तिच्या न झालेल्या दहाव्याएवढं मला कशानं समजावून दिलं नाही.

परंपरेतलं सगळंच मायेचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या बाईचं सगळं घर गेलं आणि तीच तेवढी उरली, तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणणारी तोंडंही त्याच गावात होती. आत्याला तिच्या सासरच्या एका माणसानं विचारलं होतं, तू कशी काय वाचलीस. वाचलेल्याच्या मनात आधीच हा प्रश्न असतो. बाहेरून तो आला, की जखम कायमची होते.

मग पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यानं. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं ती घरं चांगली, धक्क्याला टिकणारी. पण जुन्या गावात दारातून हाक मारली की चार घरं ओ देत. नव्या गावात शेजारचं घर हाकेच्या पल्ल्याबाहेर गेलं. गल्ल्या गेल्या, पार गेले, वाड्यांचे दिंडीदरवाजे गेले. पुरुषांच्या हातात नुकसानभरपाईचे पैसे आले आणि कित्येक घरांत दारू आली. आत्याचे यजमान त्यातच गेले. आत्याला घराच्या किल्ल्या मिळाल्या, ती उंबऱ्यापर्यंत गेली, वर स्लॅबकडं बघितलं आणि पिशवी अंगणात ठेवली. इंजिनिअरनं फार प्रेमानं समजावलं, म्हणे हे घर पडणं शक्य नाही. तो खरं बोलत होता. तिचं शरीर ते ऐकत नव्हतं.

२६ जानेवारी २००१ ला भुज हललं. दूरदर्शनवर ढिगारे, धूळ, कुणाचा तरी मातीतून वर आलेला हात. आत्या तेव्हा आमच्याकडं लातूरला आलेली. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि टीव्ही चालू राहिला. ती उठली, मागच्या दारानं बाहेर गेली, आणि आम्हाला ती सापडली बसस्टँडवर, आपल्या गावाची गाडी कुठं लागते ते विचारत. त्यानंतर तिचं बोलणं कित्येक दिवस बंद होतं.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिथं येते.

काही वर्षांपूर्वी आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवता येईना, मग भाकरी करपू लागली, मग अंगणातल्या अंगणात ठेच लागू लागली. एका दवाखान्यात तिला नेलं. तपासण्या झाल्या, डोळ्याजवळ भूल दिली, आणि तिला टेबलावर आडवं करून तोंडावर हिरवं कापड टाकलं. शस्त्रक्रियेच्या डोळ्यापुरतं भोक असलेलं, बाकी नाक-तोंड झाकणारं जाड कापड. जंतू येऊ नयेत म्हणून ते लागतंच. आत्यानं ते फाडून काढलं. टेबलावरून खाली उडी मारली, हाताची सुई उपटली, अनवाणी बाहेर पळाली. डॉक्टर ओरडले, परिचारिका ओरडल्या. म्हातारी नाटकं करते, एवढा खर्च वाया, पुन्हा आणू नका. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' त्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. बाहेर तिच्यासारखे पंधरा-वीस जण रांगेत बसले होते आणि त्यांना सगळ्यांना दृष्टी द्यायची होती. पण झालं काय, की तोंडावर काही आलं, अंधार झाला, हलू नका म्हणाले, आणि तिच्यासाठी पुन्हा तीन छप्पन्न वाजले.

ती दोन वर्षं जवळजवळ आंधळी राहिली. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हशीकडं जाऊन बसायची.

दुसऱ्या ठिकाणी नेलं ते माझ्या भावाच्या हट्टानं. तिथली सिस्टर उमरग्याकडची होती, चाळिशीतली. तिनं केसपेपर हातात घेतला आणि नावाच्या आधी गाव वाचलं. मग आत्याच्या शेजारी बाकावर बसली. समोर उभी राहिली नाही.

'आजी, तुमच्याकडची माणसं आमच्याकडं लई येतात,' ती म्हणाली. 'तोंडावर कापड घ्यायचं त्यांना जड जातं. तुम्हाला पण जात असंल.'

आत्या तिच्याकडं बघत राहिली.

सिस्टरनं भूकंपाचं काहीच विचारलं नाही. कोण गेलं, किती वेळ अडकला होता, काही नाही. तिनं कपाटातून ते हिरवं कापड आणलं आणि आत्याच्या हातात दिलं. आत्यानं ते चाचपलं, भोकातून बोट घातलं. संध्याकाळी वॉर्डातल्याच खाटेवर सिस्टरनं तिला आडवं करून ते कापड आधी छातीवर, मग हनुवटीपर्यंत, मग कपाळावर असं ठेवून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं, काढू का. दोनदा आत्या 'काढ' म्हणाली. दोन्ही वेळा तिनं तत्काळ काढलं. उद्या कापडाखाली वाकवलेली सळई लावू, म्हणजे ते नाकाला टेकणार नाही. वाऱ्याची नळी आत सोडू. डोकं हलवायचं नाही, पण हातात हा रबरी चेंडू असेल, तो दाबला की डॉक्टर थांबतील.

आत्यानं एकच विचारलं. 'दार?'

'दार लोटलेलं राहील,' सिस्टर म्हणाली. 'उघडं ठेवता येत नाही, धूळ येते. पण कुलूप नसतं. आणि मी तुमच्या उजव्या हाताला असंन, शेवटपर्यंत.'

खोटं आश्वासन देणं तिला किती सोपं होतं! उघडं ठेवू म्हणाली असती तर आत्याला काय दिसणार होतं? ती खरं बोलली, म्हणून आत्यानं तिचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होते: आता पाणी सोडतोय, आता प्रकाश जोरात येईल, आता निम्मं झालं. आत्यानं चेंडू एकदा दाबला. ते थांबले. तिनं दोन-चार श्वास घेतले आणि स्वतःच म्हणाली, 'करा.' वीस मिनिटांच्या कामाला थोडा जास्त वेळ लागला, एवढंच.

मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट या दोघांनी २००१ साली अमेरिकेत एक पुस्तक संपादित केलं. आघाताचं भान ठेवून सेवा कशी द्यावी, याची मांडणी त्यात आहे. सुरक्षितता, विश्वासार्हता, निवडीचा हक्क, बरोबरीनं काम करणं आणि माणसाच्या हाती बळ देणं ही त्यांची पाच तत्त्वं. समोरच्याला 'तुला झालंय काय' असं खडसावण्याऐवजी 'याच्या वाट्याला काय आलं असेल' असा विचार आपण आपल्या मनाशी करायचा, हा त्या साऱ्याचा पाया. उपचार करणं हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे आणि त्याची औषधं, त्याच्या बोलण्याच्या पद्धती यांचा खरोखर गुण येतो. पण हे भान दंतवैद्यालाही लागतं, तलाठ्यालाही, शाळेतल्या बाईंनाही. ज्यानं आघात सोसला त्याच्या हातून त्या क्षणी सगळा ताबा गेलेला असतो. म्हणून त्याला एवढासा ताबा परत देणं, कापड काढू का विचारणं, ही फार मोठी शुश्रूषा ठरते.

त्याच २००१ साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेनं 'दिलासा' केंद्र सुरू केलं. घरात मार खाणाऱ्या बायका पोलिसांकडं जात नाहीत, पण दवाखान्यात येतात. पडले म्हणतात, चुकून फिनेल प्यायले म्हणतात. अपघात विभागातल्या परिचारिकेनं जखम बघून, नवऱ्याला बाहेर बसवून, हळूच विचारावं आणि बाईला दिलाशाच्या खोलीपर्यंत पोचवावं, अशी ती रचना. देशातलं सरकारी रुग्णालयाच्या आतलं हे असं पहिलं केंद्र. पुढं ते इतर रुग्णालयांत गेलं. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही हे भान आहे: लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, अंगावर गणवेश न घालता, कोर्टात त्याला वारंवार बोलवायचं नाही, आरोपीच्या नजरेसमोर आणायचं नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं. प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रत्येक कोर्टाच्या व्हरांड्यात ते पाळलं जात नाही, याचा मला राग आहे, आणि तो असायलाच हवा.

आत्या आता सत्तरीच्या पुढं आहे. तिचा दुसराही डोळा त्याच सिस्टरच्या हाताखाली झाला. ती सुईत दोरा ओवते, घरातल्या लेकरांच्या फाटक्या सदऱ्यांना ठिगळं लावते. पहाटे साडेतीनला उठते, अंगणातच झोपते. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही आणि तिला आत झोपवायचा हट्टही आता कुणी करत नाही. घरच्यांनी पडवीला चांगला पत्रा घातला आहे.

तुम्ही दवाखान्यात, शाळेत, तहसिलात, पोलीस ठाण्यात काम करत असाल तर तुमच्या टेबलावर रोज अशी माणसं येतात. त्यांच्या कागदावर गाव लिहिलेलं असतं, वय लिहिलेलं असतं. ते वाचा. शेजारी बसा. अंगाला हात लावण्याआधी सांगा, तोंड झाकण्याआधी दाखवा, दार बंद राहणार असेल तर तसं खरं सांगा, आणि थांबवायची एखादी खूण त्यांच्या हातात द्या. तुमच्या स्वतःच्या घरात कुणाला पहाटेची जाग सोडत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथं पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. यातल्या कशालाही नव्या इमारतीची किंवा वरून येणाऱ्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. उद्याच्या पहिल्या केसपेपरपासून करता येईल.